टीसीपीमधला संदेश कुठे हरवला?

सर्व्हरने सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्क-जोडणीच्या टोकावर, ४०९६ बाइट मागितले आणि रीड या वाचण्याच्या फंक्शनने १४४८च हातात ठेवले, की नवख्याला वाटतं नेटवर्कने मधेच काहीतरी गिळलं. गिळलेलं काही नसतं. इथरनेटच्या एका पॅकेटच्या १५०० बाइटमधून आयपीच्या हेडरचे (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीचे) २०, टीसीपीच्या हेडरचे २० आणि टाइमस्टँपचे १२ गेले की १४४८ उरतात. पहिलं पॅकेट पोचलं, तेवढं मिळालं. लूपबॅकवर, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतं तेव्हा, पॅकेट कितीतरी मोठी चालतात, म्हणून स्वतःच्या मशीनवर हाच कोड महिनोन् महिने बिनबोभाट चालतो.

टीसीपीला, म्हणजे डेटा न हरवता क्रमाने पोचवणाऱ्या इंटरनेटच्या नियमसंचाला, संदेश कळत नाही, फक्त बाइटचा प्रवाह कळतो, हे आपण पाठ करतो. सुरुवातीला मात्र तसं नव्हतं. डिसेंबर १९७४च्या आरएफसी ६७५मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रं) प्रोग्रॅम पाठवायचा ते ‘लेटर’, म्हणजे चक्क पत्र. पत्र संपल्याची खूण म्हणजे हेडरमधला ईओएल (एंड ऑफ लेटर) नावाचा बिट, आणि जानेवारी १९८०च्या आरएफसी ७६१मध्येही तो होता. त्याचा एक ‘रबर’ अवतारही होता: पत्र संपलं की बाइटचा अनुक्रमांक पुढच्या बफरच्या सीमेपर्यंत ताणायचा. कल्पना ऐकायला बरी, सांभाळायला महाकटकट. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९३मध्ये ईओएल गेला आणि हेडरमधल्या त्याच जागी पीएसएच, म्हणजे पुश, येऊन बसला.

गोंधळ सुरू झाला तो इथे. पुशचा अर्थ एवढाच, की साठवून ठेवू नका, पुढे ढकला. पण जागा जुन्या खुणेची, त्यामुळे अनेकांनी तो संदेशाचा शेवटच धरला. १९८९च्या आरएफसी ११२२ला स्पष्ट लिहावं लागलं, की पीएसएच ही रेकॉर्डची खूण नव्हे आणि आलेला पीएसएच अ‍ॅप्लिकेशनला कळवणं ऐच्छिक आहे. माझ्या मते सीमा काढून टाकणं योग्यच होतं, कारण त्यामुळे हरवलेला डेटा पुन्हा पाठवताना तुकडे हवे तसे जोडता येतात. जागा तेवढी चुकली.

सीमा गेली, तिचा भार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आला. मजकुराचं भागलं, ओळ संपली की संदेश संपला. बायनरीत ओळ संपवणारा 0x0A हा बाइट चित्राच्या मधोमधही येतो, आणि शून्य बाइट दिसला की सी भाषेची स्ट्रिंग फंक्शन्स तिथेच थांबतात. म्हणून आधी लांबी, मग माल. १९८७च्या आरएफसी १०३५मध्ये टीसीपीवरच्या डीएनएस (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) संदेशाआधी दोन बाइटची लांबी आहे. २०१५च्या एचटीटीपी/२ या वेबच्या नियमसंचात नऊ बाइटचं फ्रेम हेडर, त्यात २४ बिट लांबीचे. लांबी चार बाइटची ठेवली, तर तेसुद्धा तीन आणि एक असे येऊ शकतात, हे विसरणारे आजही भेटतात. दुसरं टोक म्हणजे त्या चार बाइटवर डोळे झाकून विश्वास: समोरच्याने चार जीबी लिहिलं, की सर्व्हर निमूटपणे तेवढी मेमरी मागायला जातो. एचटीटीपी/२ने फ्रेमची मूळ मर्यादा १६,३८४ बाइट ठेवली ती उगीच नाही.

संदेश कुठे संपतो हा एक प्रश्न; अनेक जोडण्यांवर येईल ते ‘सतत वाचणं’ हा वेगळा धागा. १९८३च्या ४.२बीएसडी या युनिक्सने सॉकेट आणि सिलेक्ट (कोणत्या सॉकेटवर वाचण्याजोगं काही आलंय ते सांगणारं) दोन्ही दिले. पण सिलेक्ट दर खेपेला सगळी यादी तपासतो, शिवाय बहुतेक ठिकाणी १०२४ डिस्क्रिप्टरची, म्हणजे उघड्या फाइल-सॉकेटच्या क्रमांकांची, मर्यादा. म्हणून त्याच कामासाठी २०००मध्ये फ्रीबीएसडीत केक्यू (kqueue) आणि २००२मध्ये लिनक्सच्या विकास-कर्नलमध्ये ईपोल (epoll) आला. ईपोलच्या एज-ट्रिगर्ड पद्धतीत, म्हणजे नवं काही आल्यावरच कळवणाऱ्या पद्धतीत, ‘सध्या काही नाही’ सांगणारा ईअगेन (EAGAIN) येईपर्यंत वाचत राहावं लागतं. मधेच थांबलात तर उरलेले बाइट बफरमध्ये पडून राहतात आणि क्लायंट उत्तराची वाट बघत बसतो. उलट रीडने शून्य दिलं, तर त्याचा अर्थ समोरच्याने पाठवणं बंद केलं. त्याला ‘सध्या काही नाही’ समजून लूप फिरवत ठेवला, की एक कोर शंभर टक्क्यांवर.

२०१९च्या लिनक्स ५.१मधल्या आयओ-युरिंगने (io_uring) आधी विचारा, मग वाचा हा क्रमच मोडला: वाचायची मागणी रांगेत टाकायची आणि निकाल दुसऱ्या रांगेतून उचलायचा. त्या निकालातही आकडा १४४८ असू शकतो.