सेवेतल्या जवानाने आमदार-खासदारांकडे म्हणणं कसं मांडायचं: कोण, कुठे, कोणत्या कागदावर

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला किंवा दिवाळीला पोरं सुट्टीवर आली की एक प्रश्न ठरलेला असतो. "मामा, आमदारसाहेबांना एक पत्र द्यायचंय, काय होतंय का ओ?" मी सैन्यात क्लार्क होतो. आता घरी बसून याच पोरांचे फॉर्म भरून देतो, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी झालेली एक गोष्ट सांगतो. एका जवानाने गावच्या रस्त्याबद्दल पत्र दिलं. दोन परिच्छेद रस्त्याचे, तिसऱ्यात सरकारच्या धोरणावर चार ओळी, आणि खाली आर्मी नंबर, रँक, युनिट. संध्याकाळी तिथल्याच कुणी कार्यकर्त्याने त्या पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, वर 'सीमेवरच्या जवानाचीही साहेबांनाच हाक' असं लिहून. पोरगं सुट्टी संपवून हजर झालं, तर तो फोटो त्याच्या आधी युनिटात पोचलेला. खुलासे लिहिण्यात दोन महिने गेले. रस्ता अजून तसाच आहे.

आता नियम. घटनेच्या कलम ३३ ने संसदेला सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार दिलाय. त्यातून आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम २१ आलं आणि पुढे आर्मी रूल्स १९५४. नियम २० सांगतो की राजकीय सभेला किंवा निदर्शनाला जायचं नाही, पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, कुणाचा प्रचार करायचा नाही, स्वतः उभं राहायचं नाही. ग्रामपंचायतीलासुद्धा नाही. नियम २१ म्हणतो की राजकीय प्रश्नावर किंवा सेवेच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापायचं नाही, वर्तमानपत्राला कळवायचं नाही, थेटही नाही आणि आडूनही नाही. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे, पण अर्थ तोच.

लक्षात घ्या, नियम २० मध्ये खासगी पत्राचं नाव नाही. मनातल्या मताला बंदी नाही, मतदानालाही नाही. माझ्या पाहण्यात माणसं अडकतात ती दोनच ठिकाणी. पत्रात नोकरीचा विषय येतो, नाहीतर पत्र चव्हाट्यावर येतं. आणि चव्हाट्यावर आणणारा बहुतेक वेळा दुसराच असतो, उत्तर मात्र सही करणाऱ्याला द्यावं लागतं.

म्हणून गावच्या पाण्याचं, रस्त्याचं लिहायचंच असेल तर माझा सल्ला असा: आधी कंपनी कमांडरच्या कानावर घाला. साधा कागद, नाव आणि गावचा पत्ता. नंबर, रँक, युनिट लिहायचं नाही. वर्दीतला फोटो जोडायचा नाही. पत्र देताना शाल-नारळ आणि फोटो सुरू झाले की सरळ बाहेर पडा. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका असं निवडणूक आयोगाने पक्षांना २०१३ मध्ये आणि परत २०१९ मध्ये बजावलंय, तरी फ्लेक्स लागायचे ते लागतातच. त्याहून बरं म्हणजे घरच्यांनी त्यांच्या नावाने लिहावं. बायको, वडील हे साधे नागरिक आहेत. पण त्यांच्या पत्रात तुमची बदली-बढती आली, तर युनिटात पहिला प्रश्न तुम्हालाच येतो.

पत्ता नीट बघा, हे हसण्यावारी नेऊ नका. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, पण लोकसभेला धाराशिवमध्ये. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढा मतदारसंघात. सोलापूर लोकसभेत शहराचे दोन्ही भाग, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर. बार्शीचे जवान सोलापूरच्या खासदारांना अर्ज देऊन वर्षभर उत्तराची वाट बघत बसलेले मी पाहिलेत.

शेतीचा, बांधाचा वाद असेल तर आमदारांकडे जाऊच नका. युनिटमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाठपुरावा करतं. कोर्टात दावा असेल तर १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आहे, वकिलाला त्याची आठवण करून द्या.

सेवेतली तक्रार असेल तर रस्ता एकच. जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ (सुभेदार वगैरे) यांना आर्मी अ‍ॅक्टचं कलम २६, अधिकाऱ्यांना कलम २७. ज्याच्या हाताखाली आहात त्याच्याकडे लेखी द्यायचं. तक्रार त्याच्याचबद्दल असेल तर त्याच्या वरच्याकडे. अर्ज सोपा आहे, अडतं ते पोचेवर. "साहेबांना तोंडी सांगितलंय" याला किंमत नाही, तारखेची पोच मागून घ्या. सशस्त्र बल न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर तीच पोच लागते. तिथली मुदत बहुतेक जण चुकीची वाचतात. अंतिम निर्णय झाल्याच्या तारखेपासून सहा महिने. निर्णयच आला नाही तर तक्रारीपासून सहा महिने थांबायचं, आणि तिथून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा. लोक पहिले सहा महिने संपले म्हणजे सगळं संपलं समजून गप्प बसतात. पोच मागितली की साहेब नाराज होतात, हेही खरं. व्हायचे.

आता मतदान, कारण राजकीय मत द्यायची हक्काची जागा तीच. सैन्यातल्यांनी 'सेवा मतदार' म्हणून नाव लावायला फॉर्म २ भरून युनिटमार्फत द्यायचा. अग्निवीरही त्यातच आले. सोरेगावच्या राखीव पोलीस बलाची पोरं हाच फॉर्म मागतात, पण त्यांच्यासाठी फॉर्म २अ, तोही राज्याबाहेर नेमणूक असेल तरच. सोबत राहणाऱ्या पत्नीचं किंवा पतीचं नाव लागतं, सज्ञान मुलांचं नाही.

फॉर्म अडतो घर क्रमांकावर. वस्तीवरच्या घराला कसला नंबर? पोरं ती जागा रिकामी सोडतात. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घ्या, त्यातला मालमत्ता क्रमांक लिहा. दुसरी अडचण म्हणजे गावच्या यादीत नाव आधीच असतं, आणि फॉर्म २ मध्ये 'इतरत्र नाव नाही' असं लिहून द्यायचं असतं. आधी गावचं नाव कमी करून घ्या. खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे.

मतपत्रिका ऑनलाइन येते, परत मात्र टपालानेच जाते. घोषणापत्र फॉर्म १३अ नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित करायचं आणि बाहेरच्या पाकिटात ठेवायचं. आतल्या पाकिटात फक्त मतपत्रिका. घाईत दोन्ही एकातच कोंबली की मत बाद. पाकीट पोचायची मुदत मतदानाचा दिवस नाही, मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत. टपालावर भरवसा नसेल तर फॉर्म १३फ भरून तुमच्या वतीने मत द्यायला गावच्या माणसाला प्रतिनिधी नेमता येतं. त्या प्रतिनिधीची सही नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर लागते, शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते.

निवृत्तीजवळ आलेल्यांना एक सांगतो. शेवटच्या रजेवर घरी आलात म्हणजे सुटलात असं नाही, डिस्चार्जच्या तारखेपर्यंत कायदा लागू आहे. आणि सेवेत असताना केलेल्या गोष्टीवर त्यानंतरही तीन वर्षांपर्यंत खटला चालू शकतो. ती तारीख ओलांडली की फॉर्म ६ भरून गावच्या यादीत नाव घाला, मग सभेला जा, पत्रं लिहा, उभे राहा. सरपंचकीला उभं राहायचं असेल तर यादीत नाव लागलंय का हे अर्ज भरण्याआधी बघा. मागे एकजण प्रचाराची जीप ठरवून मोकळा झाला होता, आणि नाव अजून सेवा मतदारांच्या यादीतच.