टोपाचं माप केमोच्या आधी द्या, केस गेल्यावर नाही

दुकानात आणि व्हॉट्सॲपवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून काढलं. आम्ही परळला केसांचे टोप बनवतो, विग म्हणा, आणि आमची बरीचशी गिऱ्हाईकं टाटा हॉस्पिटलात कॅन्सरची ट्रीटमेंट घेणारी. आम्ही डॉक्टर नाही, औषधाचं डॉक्टरांनाच विचारा, पण केस का जातात आणि परत कसे येतात हे सांगून सांगून आता पाठ झालंय.

केसाच्या तळाशी जो कंद असतो तिथल्या पेशी शरीरात सगळ्यात भराभर वाढणाऱ्यांपैकी. केमो, म्हणजे कॅन्सरवरचं औषध, भराभर वाढणाऱ्या पेशींनाच धरतं, ती कॅन्सरची आहे का केसाची हे ते बघत नाही, म्हणून पहिल्या डोसनंतर साधारण २-३ आठवड्यांत उशीवर झुबके दिसायला लागतात. पण कंदाच्या थोडं वर, जिथे अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू केसाला चिकटलेला असतो तिथे केसाच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, असतात (ही जागा १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवली, तोवर सगळे कंदातच शोधत होते). त्या बहुतेक वेळ स्वस्थ बसून असतात, वाढत नाहीत, म्हणून बऱ्याचदा केमोच्या तडाख्यातून सुटतात. गारपिटीत उभं पीक गेलं तरी कणगीतलं बियाणं शाबूत राहतं तसं. केमो संपल्यावर १ ते ३ महिन्यांत लव दिसायला लागते, मग महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, आणि सरळ केस होते त्यांना कुरळे आले असंही होतं, घाबरू नका. डोक्याला जास्त रेडिएशन असेल किंवा डोसेटॅक्सेलसारखं औषध असेल तर काही जणांचे केस विरळच राहतात, ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

आता ज्याने आमचा आणि तुमचा दोघांचा वेळ जातो ते. लोक सगळे केस गेल्यावर येतात, मोबाईलमधला लग्नातला फिल्टर मारलेला फोटो दाखवतात आणि म्हणतात असाच रंग द्या. ताई, त्या फोटोत केस काळेभोर दिसतात, खरे असतात तपकिरीकडे झुकणारे, भांग कुठून पडतो ते कळत नाही, कपाळावरची केसांची रेषा पुसलेली असते. मग टोप दोनदा-तीनदा उसवायचा आणि परत गुंफायचा, तोवर तुमची दुसरी केमो होऊन जाते. केस असताना आलात तर शेड कार्ड थेट कानामागच्या केसांना लावून बघतो, भांगाची खूण टोपाच्या आतल्या जाळीवर करतो, माप केस चापून घेतो आणि नंतर जाळी आत घ्यायला मागे पट्टी ठेवतो. अर्ध्या तासाचं काम.

पहिल्या केमोआधी जमलं नाही तर निदान येण्याआधी फोन करा. रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल हाडाच्या आतल्या मगजात असतात, केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप उतरतात आणि मग मगज त्या भरून काढतो, बऱ्याच केमो २१ दिवसांनी असतात त्याचं एक कारण हेच. त्या मधल्या दिवसांत लोकलच्या गर्दीतून आमच्याकडे येऊ नका, आम्ही घरी माणूस पाठवतो. आणि त्या काळात वस्तऱ्याने टक्कल नको, बारीक चीर पडली तरी इन्फेक्शनला वाट मिळते, ट्रिमर फिरवा, आमच्याकडे टोप घेतला तर ते फुकट करून देतो.

"केस गळले नाहीत म्हणजे औषध लागू पडत नाही का?" असं विचारतात, तर तसं काही नाही, काही औषधांनी केस जातच नाहीत. मागे एका काकांनी विचारलं की केसाच्या स्टेम सेल लपून वाचतात तर कॅन्सरच्यापण वाचत असतील. प्रश्न बरोबर आहे. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, अशा पेशी १९९० च्या दशकात टोरांटोत दाखवल्या गेल्या, नंतर २००३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये, आणि त्यातल्या काही संथ असल्यामुळे औषधाला दाद देत नाहीत असं मानतात, सगळ्या कॅन्सरना ते सारखं लागू होतं असं नाही. म्हणून गाठ लहान झाली, आता पुरे, असं घरच्या घरी ठरवू नका. आणि केस परत आले म्हणजे आजारही परत येईल ही भीती मात्र काढून टाका, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

केस उगवायला लावायचं स्टेम सेल सीरम का ठेवत नाही असंही विचारतात. बाटलीवर सफरचंदाच्या स्टेम सेल लिहिलेलं असतं, सफरचंदाच्या पेशीने माणसाचा केस कसा उगवेल? रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो (हाडातला मगज) ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी बहुतेक स्टेम सेल उपचार अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत, आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) २०१७ च्या नियमावलीचाही सूर तोच आहे. ते पैसे टोपाची जाळी मऊ घेण्यात घाला, टाळू त्या दिवसांत फार हुळहुळी असते.

वापरलेला टोप परत घेत नाही, यावर भांडणं होतात. पण तुमच्या आधी कुणी घातलेला टोप आम्ही तुमच्या डोक्यावर ठेवला तर चालेल का? सिंथेटिक घेतलात तर गॅसपासून आणि कुकरच्या वाफेपासून लांब, पुढच्या बटा एका शिट्टीत आकसतात आणि त्या सरळ होत नाहीत, बदलाव्याच लागतात, त्याचे पैसे वेगळे.