लिनक्स टाकून घेण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून ‘मशीन चांगलं आहे हो, त्यावर लिनक्स टाकून द्या’ म्हणणारे बरेच जण आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येतात. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. टाकून देतो की. फक्त आमचं काम कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं, ते आधीच बोललेलं बरं.

लिनक्स फुकट आहे, आम्ही घेतो ती मजुरी. त्यात डेटा बाजूला काढणं, इन्स्टॉलेशन, वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड आलं. यातलं काही राहिलं तर परत घेऊन या, पैसे पडणार नाहीत. नंतर तुम्ही स्वतः केलेल्या बदलांमुळे बिघडलं तर दुरुस्त करू, पण बिल वेगळं होईल.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मेल आणि कोटेशन एवढंच काम असेल तर लिनक्सचा मिंट हा प्रकार घ्या. त्यातलं टाइमशिफ्ट आम्ही चालू करून देतो. अपडेटनंतर गडबड झाली तर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेता येते. तुमच्या फायली त्यात धरू नका, त्यांचा बॅकअप वेगळा. टॅली वापरत असाल तर आधी सांगा. ते विंडोजसाठी बनलेलं आहे, विंडोजही ठेवावं लागेल. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या फायलीही दाखवा. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसतात; फॉन्ट नसेल तर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

कॉलेजची मुलं आर्च हा लिनक्सचा दुसरा प्रकार मागतात. त्यात डेस्कटॉपपासून सगळं आपण निवडायचं, म्हणून मजा आहे. पण अपडेट सतत येत राहतात, आणि ते करण्याआधी आर्चच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचणं वापरणाऱ्याकडेच असतं. एकच पॅकेज (म्हणजे एखादं सॉफ्टवेअर) नवं आणि बाकी जुनी, असं अर्धवट अपडेट तिथे चालत नाही. वाचायचा कंटाळा असेल त्याला आम्ही आर्च टाकून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, घाबरू नका. ‘सुडो’ (sudo) लावलं की कमांड सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालते; त्यानंतर पासवर्ड टाइप करताना बऱ्याच लिनक्समध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो; टाइप करा आणि एंटर दाबा. ‘मॅन’ (man) लिहून, जागा सोडून कमांडचं नाव दिलं की तिची माहिती उघडते. बाहेर पडायला क्यू दाबायचं. हे माहीत नसल्यामुळे लोक सरळ मशीन बंद करतात!

नेटवरची कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. द्राक्षबागेत फवारणीआधी बाटलीवरचं प्रमाण वाचतोच ना आपण? सुडोने चालवलेली कमांड अख्ख्या सिस्टिमला हात घालते, आणि ‘आरएम’ (rm) या कमांडने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही.

मशीन न्यायला जो रोज वापरणार आहे त्यानेच यावं. एक अपडेट आमच्यासमोर त्याच्या हातून करून घेतो. सकाळी या, संध्याकाळी दुकानात गर्दी असते.