जुन्या धनुष्याची साल

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आधी महिना-दोन महिने गराज सेलमध्ये जुनी धनुष्यं दिसायला लागतात. कुणाचे तरी आजोबा गेलेले असतात, घर रिकामं करायचं असतं, आणि माळ्यावरचं सामान अंगणातल्या टेबलावर येतं. माझं धनुष्यही असंच मिळालं. लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेलं, टोकं पुढे वळलेलं, म्हणजे रिकर्व्ह. पॉलिश पिवळं पडलेलं, मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या दोन्ही पात्यांवर बारीक रेघांचं जाळं. पहिला विचार आला तो पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून लखलखीत करण्याचा. बरं झालं, त्या दिवशी हात आवरला.

मुठीत अस्वलाचं चित्र असलेलं धातूचं नाणं बसवलेलं आहे. ही फ्रेड बेअर यांच्या धनुष्यांच्या कारखान्याची खूण. १९३३ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेला हा कारखाना १९४७ साली मिशिगनच्याच ग्रेलिंग गावात गेला आणि १९७८ साली फ्लोरिडात. अशी नाणी १९५९ पासून बसवू लागले. माझ्या धनुष्यातलं नाणं मुठीच्या लाकडाशी अगदी सपाट आहे, त्यामुळे मूठ घासली की नाणंही घासलं जातं. पात्यावरचं नाव आणि हाताने लिहिलेला जोर, म्हणजे ते ओढायला लागणारे पौंड, माझ्यावर '४५', तेही पॉलिशच्या खालीच असतं. पॉलिश गेलं की अक्षरंही गेली, आणि ती परत येत नाहीत.

पण माझा हात आवरला तो अक्षरांपेक्षा भौतिकशास्त्रामुळे. दोरी ओढली की पात्याची समोरची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते, आणि अगदी मधल्या रेषेत जवळजवळ काहीच होत नाही. सगळा भार बाहेरच्या सालीवर. म्हणूनच लाकूड आत आणि फायबरग्लास दोन्ही बाजूंना लावलेलं असतं. त्याचा थर असतो साधारण एक मिलिमीटरचा, आणि काचेचे धागे पात्याच्या लांबीच्या दिशेने धावतात. शिवाय वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. सहा मिलिमीटर जाडीच्या पात्यातून दोन्ही बाजूंचं मिळून ०.२ मिलिमीटर घासलं गेलं, तर ताठपणा दहा टक्क्यांनी घटतो. काच बाहेरच असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. म्हणजे ४५ पौंडांचं धनुष्य ४० वर येतं. त्यात एक पातं जास्त घासलं आणि दुसरं कमी, तर दोन्हींचा तोलही बिघडतो. हरणाला एका बाणात, हाल न होता मारायचं असेल, तर हा फरक लहान नाही.

मग त्या रेघांचं काय? जुनं पॉलिश, म्हणजे लॅकर, वर्षानुवर्षं सुकत कडक होतं. खालची काच वाकते, वरचं पॉलिश तिच्याइतकं ताणलं जात नाही आणि तडकतं. या भेगा फक्त पॉलिशमध्ये असतील तर धनुष्याला धोका नाही. काचेत लांबीच्या दिशेने गेलेली रेघ बहुतेक वेळा दोन धाग्यांना जोडणाऱ्या रेझिनची असते, तीही निभते. काचेतली आडवी रेघ मात्र वाईट, कारण तिथे धागेच तुटलेले असतात. असं धनुष्य ओढू नये.

हे ओळखायला मी दिवाणखान्यातले दिवे घालवले आणि टॉर्च पात्यावर तिरपी धरली. मग बोटाने थोडं टर्पेंटाइन लावलं. जाळं क्षणात विरलं. उघड्या भेगेत द्रव शिरला की हवा जाते आणि प्रकाश विखुरत नाही. ओल्या घासलेल्या काचेतून आरपार दिसतं तसंच हे. म्हणजे भेगा वरून उघड्या होत्या, पण त्या किती खोल आहेत हे त्यावरून कळत नाही. म्हणून सुकल्यावर कापसाचा बोळा टोकापासून मुठीपर्यंत हलकेच फिरवला. सुटलेला काचेचा धागा असेल तर कापूस तिथे अडकतो. तो कुठेच अडकला नाही. नखही कुठे अडखळलं नाही. शेवटी कडेने थरांच्या जोडांत पातळ कागद सरकवायचा प्रयत्न केला. कुठे शिरला असता तर गोंद सुटलाय हे कळलं असतं.

एकच जागा बोलली. खालच्या टोकाशी कडेचं पॉलिश उडून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. तिथून दमट हवा आत जाते, लाकूड फुगतं-आकसतं आणि जोडावर ताण येतो. तेवढीच दोन बोटांची जागा बारीक पेपरने हलकी खडबडीत केली, पुसली आणि कापडाने पॉलीयुरेथेनचे तीन पातळ हात दिले. बाकी सगळं ओलसर कापडाने पुसून मेण लावलं. पेंट रिमूव्हर घरातच आणला नाही. त्यातली तीव्र द्रावकं जुनं पॉलिश काढता काढता फायबरग्लासचं रेझिन आणि थरांतला गोंदही मऊ करतात. सगळं पॉलिश सोलून निघत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते काढावंच लागतं, पण काचेला न लागता, आणि तोंडाला चांगला मास्क बांधून, कारण काचेची धूळ फुप्फुसाला वाईट.

मुठीवर अंगठा टेकतो तिथे पॉलिश झिजून लाकूड गुळगुळीत झालं आहे. कुणीतरी कित्येक वर्षं हे धनुष्य तिथे धरलं होतं. माझा अंगठाही तिथेच बसतो. ती जागा मी तशीच ठेवली, फक्त घाम मुरू नये म्हणून मेणाचा हात दिला.

दोरी मात्र नवी घातली, डॅक्रॉन नावाच्या पॉलिएस्टरची. आजकालच्या न ताणणाऱ्या दोऱ्या त्या जुन्या काळातल्या टोकांना झेपत नाहीत, बाण सुटताच बसणारा झटका सरळ टोकावर येतो. डॅक्रॉन थोडी ताणली जाते आणि तो झटका खाते. मग दोरीला वजनकाटा अडकवून २८ इंचांपर्यंत हळूहळू ओढलं. काट्यावर ४४ आलं.