अ‍ॅरो कीला अक्षर नसतं: बॅच फाईलमध्ये बाणांनी चालणारा मेनू

बॅच फाईल म्हणजे विंडोजच्या कमांड ओळीनं लिहून ठेवलेली स्क्रिप्ट. तिच्यातला मेनू बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो. समोर कामांची यादी, प्रत्येकाला एक आकडा आणि खाली सूचना: आकडा टाका व एंटर दाबा. त्याऐवजी वर-खाली बाण दाबले की रंगीत पट्टी सरकावी आणि एंटर दाबलं की ते काम सुरू व्हावं, एवढंच करायला बसलं तरी पहिल्याच पायरीवर अडतं. पट्टी काढणं सोपं आहे. बाण दाबला गेला हे कळणंच अवघड आहे.

बॅचकडे वापरणाऱ्याला विचारण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग 'सेट /पी' ही कमांड. ती एंटर दाबेपर्यंत थांबते. मधे वरचा बाण दाबला तर तो स्क्रिप्टपर्यंत पोहोचतच नाही. कन्सोल, म्हणजे कमांडची काळी खिडकी, तो स्वतःच वापरतो आणि आधी टाकलेली ओळ समोर आणून ठेवतो. दुसरा मार्ग 'चॉइस'. डॉस ६ मध्ये आलेली ही कमांड विंडोज २००० आणि एक्सपीमधून गायब झाली आणि व्हिस्टापासून परत आली. तिला एंटर लागत नाही. दाबलेलं बटण यादीत कितवं, तो आकडा ती 'एररलेव्हल'मध्ये, म्हणजे आधीच्या कमांडनं परत दिलेल्या आकड्यात, ठेवते. पण तिची यादी अक्षरांची आणि अंकांची. बाणाला अक्षरच नाही, तर तो यादीत लिहिणार कसा?

मुळात बाणाला अक्षर का नाही, हे समजून घेतलं की पुढच्या चुका टळतात. 'ए' दाबलं की त्याचं एक ठरलेलं अक्षर प्रोग्रामला मिळतं. बाण दाबला की मिळते फक्त बटणाची जागा, म्हणजे स्कॅन कोड. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर वेगळे बाण नव्हतेच. ते उजवीकडच्या अंकांच्या बटणांवर छापलेले होते: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. त्या बटणांचे कोड ओळीनं दिलेले आहेत. ७, ८, ९ यांना ७१, ७२, ७३, वजाबाकीच्या बटणाला ७४, ४, ५, ६ यांना ७५, ७६, ७७, बेरजेला ७८, आणि १, २, ३ यांना ७९, ८०, ८१. म्हणून वरचा बाण ७२, खालचा ८०, डावा ७५ आणि उजवा ७७. पुढे १०१ बटणांच्या कीबोर्डवर बाण स्वतंत्र झाले, तेव्हा हेच आकडे ठेवून त्यांच्या आधी २२४ हा कोड जोडला गेला.

सी भाषेतलं 'गेटसीएच' फंक्शन आजही विंडोजवर बाण असाच देतं: आधी २२४, मग ७२. एका बटणासाठी दोनदा वाचावं लागतं, आणि इथेच घोटाळा होतो. एकदाच वाचलं तर दुसरा आकडा रांगेत तसाच पडून राहतो आणि पुढच्या वेळी अक्षर म्हणून बाहेर येतो. ७२ म्हणजे मोठा 'एच', ८० म्हणजे मोठा 'पी'. मेनूत 'पी' वर प्रिंट ठेवलं असेल, तर खालचा बाण दाबल्यावर छपाई सुरू होते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

बॅचला स्वतःला हे वाचता येत नाही, तर वाचणारा बाहेरून आणावा. विंडोज ७ पासून प्रत्येक संगणकावर पॉवरशेल ही बॅचपेक्षा सक्षम स्क्रिप्टभाषा असते, त्यामुळे वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. त्यात कन्सोलचं 'रीडकी' फंक्शन बोलवायचं, त्याला 'ट्रू' द्यायचं म्हणजे दाबलेलं बटण पडद्यावर उमटत नाही, आणि मिळालेल्या बटणाचा आकडा 'एक्झिट'ला द्यायचा. तो बॅचमध्ये 'एररलेव्हल' म्हणून येतो. हे आकडे स्कॅन कोड नव्हेत, विंडोजचे स्वतःचे आहेत: डावा ३७, वर ३८, उजवा ३९, खाली ४०, एंटर १३, एस्केप २७. ते तपासताना 'इफ एररलेव्हल ३८' असं लिहू नका. त्याचा अर्थ '३८ किंवा जास्त' असा होतो आणि खालचा बाणही त्यात सापडतो. दोन टक्केचिन्हांमधली किंमत घेऊन बरोबरीची तुलना करा.

पॉवरशेलमध्ये त्याच नावाचं दुसरं फंक्शनही आहे, 'होस्ट'च्या 'रॉयूआय'चं 'रीडकी'. ते नुसतं शिफ्ट दाबलं तरी परततं. शिवाय त्याला बटण सोडल्याची नोंदही मागितली, तर स्क्रिप्ट सुरू करताना दाबलेल्या एंटरवरून बोट उचललं जाताच पहिलंच काम निवडलं जातं. मेनूसाठी कन्सोलचंच बरं.

एवढ्यावर मेनू चालतो, पण अडखळत. प्रत्येक बाणाला पॉवरशेल नव्यानं सुरू होतं आणि तो वेळ बोटाला जाणवतो. वापरणाऱ्याची सुरुवातीची फाईल टाळणारा 'नोप्रोफाईल' पर्याय दिल्यानं थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. खरा उपाय म्हणजे पॉवरशेल एकदाच सुरू करायचं, यादी काढणं, बटण वाचणं आणि पट्टी सरकवणं हे सगळं त्याच्याच लूपमध्ये ठेवायचं आणि शेवटी फक्त निवडलेल्या ओळीचा क्रमांक परत घ्यायचा. बॅचमध्ये लेबल म्हणजे स्क्रिप्टमधल्या जागेला दिलेलं नाव, आणि 'गोटू' त्या जागी उडी मारतं. लेबलांच्या नावांच्या शेवटी तेच क्रमांक ठेवले, की एका 'गोटू'त काम होतं. एस्केपसाठी यादीत नसलेला आकडा ठरवा, उदाहरणार्थ ९९, आणि त्याचंही लेबल लिहा. लेबल सापडलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच बंद पडते.

लूपमध्ये लक्षात ठेवायचा असतो एकच आकडा: निवडलेली ओळ, शून्यापासून मोजलेली. खाली जाताना एक मिळवा, एकूण ओळींनी भागा, बाकी घ्या. शेवटच्या ओळीनंतर पट्टी आपोआप पहिलीवर येते. वर जाताना नुसतं एक वजा करून चालत नाही, कारण ओळी चार असतील तर इथे उणे एकाला चारनं भागल्यावर बाकी उणे एकच येते, तीन नाही. आधी एकूण ओळी मिळवा, मग एक वजा करा, मग बाकी घ्या. बॅच फाईलमध्ये बाकीचं टक्केचिन्ह दोनदा लिहावं लागतं, पॉवरशेलची ओळ त्याच फाईलमध्ये असेल तर तिच्यातही.

पट्टीसाठी दर वेळी पडदा पुसू नका, तो लुकलुकतो. विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या आवृत्तीपासून कन्सोलला एस्केप संकेत, म्हणजे रंग किंवा कर्सर बदलणारे अक्षरांचे ठरलेले क्रम, कळतात. एस्केप, उघडा चौकटी कंस, ७ आणि लहान 'एम' एवढं पाठवलं की रंग उलटतात. ७ च्या जागी ० दिलं की पूर्ववत होतात. कंसानंतर ओळींची संख्या आणि मोठा 'ए' दिला की कर्सर तेवढ्या ओळी वर जातो, मग त्याच जागी यादी पुन्हा लिहायची. यादी खिडकीपेक्षा उंच असेल तर मात्र कर्सर वरच्या कडेला अडतो आणि ओळी एकमेकींवर चढतात. प्रत्येक ओळीला मागे मोकळ्या जागा जोडून सगळ्या सारख्या लांबीच्या करा, म्हणजे पट्टी सलग दिसते. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये एस्केपसाठी कॅरॅक्टर २७ वापरावं लागतं. उलटं अवतरणचिन्ह आणि लहान 'ई' हे त्याचं सोपं रूप सहाव्या आवृत्तीपासून आहे.

फाईल 'बॉम'सकट (सुरुवातीला लपून बसणाऱ्या खुणेसकट) यूटीएफ-८ मध्ये जतन केली तर पहिली ओळच चुकते: 'एको ऑफ' लागू होत नाही आणि सगळ्या कमांड पडद्यावर दिसू लागतात. ओळींचे शेवट युनिक्सच्या पद्धतीचे असतील तर 'गोटू'ला समोर असलेलं लेबलही कधीकधी सापडत नाही, आणि वर एखादी ओळ वाढवली की तेच लेबल सापडायला लागतं. 'डिलेड एक्स्पान्शन' (उद्गारचिन्हांमध्ये व्हेरिएबल लिहिण्याची बॅचची सोय) चालू असेल तर उद्गारचिन्हं गिळली जातात; पॉवरशेलच्या ओळीत नकारासाठी 'नॉट' लिहा. कर्सर लपवला असेल आणि कुणी कंट्रोल-सी दाबलं, तर तो लपलेलाच राहतो. म्हणून परत दाखवण्याचा संकेत पॉवरशेलच्या 'फायनली' भागात ठेवा, जो मधेच थांबवलं तरी चालतो.

हीच फाईल पाईपमधून, म्हणजे दुसऱ्या कमांडचं उत्तर तिला इनपुट म्हणून देऊन, चालवली, तर कीबोर्डच नसल्यामुळे 'रीडकी' चूक देऊन थांबतं. आधी कन्सोलचा 'इजइनपुटरीडायरेक्टेड' गुणधर्म तपासा. तो 'ट्रू' असेल तर मेनू न काढता कामाचा क्रमांक फाईलच्या पहिल्या पॅरामीटरमधून घ्या.