आई की मावशी?

'माय मरो, पण मावशी उरो' असं आपण म्हणतो. ब्रिटनच्या इमिग्रेशन खात्याला मात्र मावशी चालणार नव्हती, आईच हवी होती. ब्रिटनमध्ये जन्मलेला एक मुलगा वडिलांकडे घानाला गेला आणि मोठा होऊन एकटाच आईकडे परतला. हा तोच मुलगा कशावरून? बाईच्या सगळ्या बहिणी घानात. त्यातल्या एखादीने आपला पोरगा पाठवला नसेल कशावरून? रक्तगटासारख्या चाचण्यांतून नातं आहे एवढं दिसत होतं. आईचं की मावशीचं, ते त्यांना सांगता येईना.

1985 साली हे प्रकरण इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्याकडे आलं. माणसागणिक वेगळे दिसणारे डीएनएचे पट्टे त्यांना आदल्याच वर्षी सापडले होते. मुलाचा प्रत्येक पट्टा आईकडून तरी येतो किंवा बापाकडून तरी. पण इथे वडिलांचं रक्त मिळणार नव्हतं. मग जेफ्रीजनी त्या बाईच्या घरातली, ज्यांच्याबद्दल वादच नव्हता अशी तीन मुलं घेतली. त्यांच्यात आहेत पण आईत नाहीत, ते पट्टे बापाचे. समोर नसलेला बाप असा पोरांवरून जुळवला! वादातल्या मुलाचे जवळजवळ निम्मे पट्टे या बापाशी जुळले आणि उरलेले झाडून सगळे त्या बाईत सापडले. मावशी असती तर बरेच पट्टे अधांतरी राहिले असते, कारण आईचा निम्मा डीएनए मुलात असतो, तर मावशीशी त्याचा सरासरी चतुर्थांशच जुळतो. सरकारने माघार घेतली.

आता याची उलटी बाजू. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. तिथे आई, मावशी आणि आईची आई बहुधा अगदी सारख्याच. लेस्टरच्या प्रकरणात तो काहीच कामाचा नव्हता. अर्जेंटिनात मात्र हाच सारखेपणा उपयोगी पडला.

तिथे 1976 ते 1983 या लष्करी राजवटीत शेकडो तरुण जोडप्यांना पळवून मारलं गेलं आणि त्यांची तान्ही मुलं परक्या घरांत, कित्येकदा लष्करातल्याच लोकांच्या घरांत, वाढवली गेली. आईबाप दोघंही नाहीत. उरल्या आज्या. 1977 पासून त्या संघटित होऊन नातवंडं शोधत होत्या. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग 1984 मध्ये त्यांच्या मदतीला गेल्या. सुरुवातीला रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरच्या, वारशाने येणाऱ्या एचएलए नावाच्या प्रथिनांवरून नातं ताडलं जाई, नंतर मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए हाताशी आला. आईची आई नसेल तर मावशी चालते, मामाही चालतो. तो हा डीएनए पुढे देत नाही, पण बाळगतो.

नातवंडं सज्ञान होऊन स्वतःच चौकशीला येईपर्यंत आपण असू की नाही, याची आज्यांना खात्री नव्हती. म्हणून 1987 साली कायदा होऊन राष्ट्रीय जनुकपेढी उभी राहिली आणि नातेवाइकांचं रक्त तिथे जपून ठेवलं गेलं. आतापर्यंत 130 हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. त्यांतल्या कित्येकांच्या आज्या तोवर हयात नव्हत्या.