हाक कुणाची, आणि ती थांबवायची कशी?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं की खटखटाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कामगार एकाच वेळी बरेच माग सांभाळतो. उभ्या धाग्यांवर नजर रोखून बसणं त्याला परवडणारच नाही. काही मागांत प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी पडते, विजेचं सर्किट जोडलं जातं, माग थांबतो. मग कामगार तिकडे जातो.

संगणकातला इंटरप्ट असाच. कीबोर्ड असो की नेटवर्क कार्ड, ज्याचं काम निघालं तो प्रोसेसरला हाक मारतो. १९८१च्या आयबीएम पीसीत या हाका ८२५९ नावाची चिप गोळा करायची. तिला तारा आठच.

पण कुठली तार कुणाची, हे सांगणारं मॅन्युअलच नसेल तर? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक जुनी युक्ती आहे: मोकळ्या तारांवर कान ठेवायचा, उपकरणाला मुद्दाम हाक मारायला लावायची आणि कुठली तार हलली ते पाहायचं.

तार सापडते हो. खरा घाम फुटतो तो उपकरणाला गप्प करताना. पडलेली पट्टी न उचलता माग सुरू केला तर तो पुन्हा थांबणारच. काही उपकरणंही तशीच: ‘ऐकलं’ अशी पोच योग्य रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या छोट्या खणात, मिळेपर्यंत ओरडत राहतात. एक लाख हाकांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाकांना कुणीच ओ दिली नाही, तर लिनक्स ती तारच बंद करतो आणि लॉगमध्ये लिहितो, ‘नोबडी केअर्ड’, म्हणजे कुणालाच पर्वा नव्हती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांचा हा तिरकसपणा मला फार आवडतो.

अ‍ॅपलने २०२०मध्ये एम१ ही चिप आणली, तिच्या इंटरप्ट कंट्रोलरचं, म्हणजे हाका गोळा करणाऱ्या भागाचं, मॅन्युअल मात्र बाहेर दिलं नाही. या चिपवर लिनक्स चालवू पाहणाऱ्या ‘असाही लिनक्स’ (Asahi Linux) प्रकल्पाच्या मंडळींनी अ‍ॅपलच्या मॅकओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली एक छोटा हायपरवायझर, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, बसवला आणि मॅकओएस कुठल्या रजिस्टरला कधी हात लावते, हे टिपायची सोय केली. हा कंट्रोलर जरा खट्याळ आहे. त्याचं इव्हेंट रजिस्टर नुसतं वाचलं तरी पोच जाते आणि ती तार झाकली जाते. काम झाल्यावर ती आठवणीने उघडावी लागते. म्हणजे ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कुणी सहज डोकावलं, तर ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वाट्याची हाक तोच गिळून बसतो. आणि टायमरची हाक इथे शोधण्यात अर्थच नाही. ती या कंट्रोलरकडे येतच नाही, एफआयक्यू नावाच्या वेगळ्या वाटेने परस्पर प्रोसेसरकडे जाते.